एका पडद्याचे तीन धनी

दिवाळीच्या खरेदीत लुगडे पसंत पडले नाही तर ते नणंदेला देता येते आणि सदरा घट्ट झाला तर धाकट्या भावाला होतो. दूरचित्रवाणीच्या संचाचे तसे नाही. तो एकदा चुकीचा घरात आला की कोणाला देता येत नाही, लपवताही येत नाही. पुढची सात-आठ वर्षे तो दर्शनी भिंतीशी ठाण मांडून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या निवडीची साक्ष देत राहतो.

पूर्वी ही निवड फार सोपी होती. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत आपल्या देशातले पहिले प्रायोगिक प्रक्षेपण झाले, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि १९८२ साली चित्राला रंग आला. त्या काळात प्रश्न एकच असे: संच घ्यायचा, की शेजाऱ्यांकडे जाऊन पाहायचा? आज संच घेणे कठीण राहिलेले नाही, कोणता घ्यावा हे मात्र कठीण झाले आहे. कारण एकाच सपाट पडद्याला आता तीन धन्यांची चाकरी करावी लागते. आजोबांना त्यावर सिनेमा पाहायचा असतो, नातवाला खेळ खेळायचा असतो आणि कर्त्या मुलाला संगणकाचे काम करायचे असते. गंमत अशी की, या तिघांच्या मागण्या तीन दिशांना ओढणाऱ्या आहेत.

हे सारे मला नीट पारखून पाहावे लागले ते नेसरीला. गडहिंग्लज तालुक्यातले हे गाव मराठी माणसाला ठाऊक आहे ते प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा साथीदारांमुळे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी तिथल्या खिंडीत ते सात वीर मागचापुढचा हिशेब न करता शत्रूवर तुटून पडले. रणांगणावर असे न मोजता झोकून देणे शोभते. दुकानात मात्र मोजल्याशिवाय पाऊल टाकू नये.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, नेसरीच्या जुन्या घरात राहते. तिचा मुलगा पुण्याच्या एका कंपनीत संगणकाचे काम करतो. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली, तसा तो बायकोमुलासह गावी आला. घर भरले. पण लॅपटॉपच्या चौदा इंची पडद्यावर रोज आठ-आठ तास वाकून त्याची मान धरली आणि "पडद्याची सोय झाली नाही तर पुण्याला परत जावं लागेल," असे तो बोलू लागला. तो गेला असता तर घरात पुन्हा अक्का आणि दाजी दोघेच उरले असते. तेवढ्यात अक्काची भिशी लागली, त्यात दाजींनी भर घातली आणि ४०,००० रुपये उभे राहिले. दोन पडदे आणण्याची ऐपत नव्हती. एकच आणायचा आणि त्यावरच सर्वांनी भागवायचे, असे ठरले. निवडीचे काम माझ्याकडे आले.

"मामा, पंचावन्न इंचीच घेऊया," भाचा म्हणाला.

"घ्यायचा तर मोठाच घ्या की! पैसे तेवढेच पडत असतील तर लहान कशाला?" दाजींनी री ओढली.

"तुम्ही दोघं गप्प बसा. आधी सोप्यात मावतोय का बघा," अक्का म्हणाली. या विषयावरचे सर्वांत शहाणपणाचे वाक्य तेच होते.

आधी टेप, मग दुकान

संचाचा आकार इंचांत सांगतात तो पडद्याच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा, म्हणजे तिरका. ४३ इंची पडदा प्रत्यक्षात सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो आणि ५५ इंची सुमारे १२२ सेंटिमीटर. पण भिंतीवर किती मावते, हा खरा प्रश्नच नव्हे. आपले डोळे पडद्यापासून किती लांब असणार, हा खरा प्रश्न. सिनेमासाठी एक सोपा आडाखा आहे. पडद्याचे तिरके माप घ्यावे आणि त्याच्या सव्वापट ते दीडपटीहून थोडे अधिक, एवढ्या अंतरावर बसावे. ४३ इंचांना हे अंतर साडेचार ते पावणेसहा फूट येते, ५५ इंचांना पावणेसहा ते सव्वासात फूट.

अक्काचा सोपा लांबट, पण रुंदीला कमी. भिंतीजवळच्या पडद्यापासून समोरच्या बाकड्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत टेप धरला तेव्हा अंतर भरले सहा फूट. म्हणजे केवळ सिनेमाच पाहायचा असता, तर ५५ इंची संच चालला असता आणि भाच्याचे म्हणणे मान्य करावे लागले असते. पण काम करताना तो बाकड्यावर बसणार नव्हता. तो पडद्यापुढे टेबल-खुर्ची घेऊन तीन फुटांवर बसणार होता आणि तेही दिवसाचे आठ तास.

इथे ठिपक्यांचा हिशेब येतो. सपाट पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांनी बनते. 'फुल एचडी' संचात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात; '४के' संचात ३८४० आणि २१६०, म्हणजे एकूण चौपट. संच कितीही मोठा घेतला तरी ठिपक्यांची संख्या तीच राहते, फक्त प्रत्येक ठिपका मोठा होतो. चांगल्या नजरेच्या माणसाला तीन फुटांवरून सुमारे पाव मिलिमीटरहून मोठा ठिपका वेगळा दिसू शकतो. ४३ इंची ४के पडद्यावरचा ठिपका बरोबर पाव मिलिमीटरचा असतो. ५५ इंचीवरचा त्याहून मोठा, सुमारे ०.३२ मिलिमीटरचा. म्हणजे तीन फुटांवर बसणाऱ्याला ४३ इंचीवर अक्षरे छापल्यासारखी सलग दिसतात आणि ५५ इंचीवर त्यांच्या कडा किंचित खरबरीत भासतात. शिवाय इतक्या जवळून एवढा रुंद पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचायचा, तर दुखरी मान दिवसभर टेनिसच्या प्रेक्षकासारखी फिरवावी लागते.

आणखी एक हिशेब भाच्याला फार पटला. साडेएकवीस इंचांचे चार फुल एचडी मॉनिटर दोनावर दोन असे जोडले तर जेवढी जागा आणि जेवढे ठिपके होतात, नेमके तेवढेच ४३ इंची ४के पडद्यावर असतात. त्याच्या कामाला हवा होता तो विस्तार एवढाच.

याच हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सहा फुटांवरून ४३ इंची पडद्याकडे पाहणाऱ्याला फुल एचडी आणि ४के यांत फारसा फरक दिसत नाही. दाजींना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग माझ्यासाठी चारपट ठिपके नकोत. ते पोरासाठी घ्या." ज्यांच्या घरी संगणकाचे काम नाही आणि जे आठ-दहा फुटांवरून लहान पडदा पाहणार आहेत, त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे.

पहिला धनी: सिनेमा

कोल्हापूरकडच्या माणसाला सिनेमाचे वेड शिकवावे लागत नाही. 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट १९३२ साली आला तो कोल्हापुरातूनच. असे जुने चित्रपट आजच्या रुंद पडद्यापेक्षा पुष्कळ चौकोनी आहेत. नव्या संचावर ते लावले की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. 'पैसे पूर्ण पडद्याचे दिले आहेत' म्हणून काही जण चित्र ताणून पडदा भरून काढतात. मग तारामतीच्या वेशातल्या दुर्गाबाई खोटे उगीचच रुंद दिसू लागतात! पट्ट्या राहू द्याव्यात. चित्राचे माप चित्रकर्त्याने ठरवलेले असते.

दुसरी गोष्ट गतीची. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे असतात आणि साधा संच सेकंदाला ६० वेळा चित्र उमटवतो. २४ने ६०ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा आणि पुढचे दोनदा दाखवले जाते. कॅमेरा संथपणे बाजूला सरकताना चित्र अडखळल्यासारखे वाटते ते यामुळे. १२० वेळा चित्र उमटवणाऱ्या संचात प्रत्येक चित्र बरोबर पाचदा येते. काही ६० हर्ट्झचे संचही सिनेमापुरती आपली गती बदलून घेतात. हे अडखळणे घालवण्यासाठी बहुतेक संच मधली चित्रे स्वतःच रचून घालतात. त्यामुळे भव्य ऐतिहासिक चित्रपटही घरगुती मालिकेसारखा सुळसुळीत दिसतो. ही करामत सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी आणि चित्राची तऱ्हा 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' अशी निवडावी. दुकानात लावलेली 'व्हिव्हिड' तऱ्हा दुकानाच्या लखलखाटासाठी असते. घरी तीच ठेवली तर माणसांचे चेहरे हळद लावल्यासारखे दिसतात.

पेटीवरच्या 'एचडीआर' या शिक्क्याने भुलून जाऊ नये. तो शिक्का एवढेच सांगतो की, संचाला तसे चित्र समजते. ते दाखवण्यासाठी जी प्रखरता लागते, ती स्वस्त संचांत क्वचितच असते.

दुसरा धनी: खेळ

नातवाला क्रिकेटचा खेळ प्रिय. त्याच्या दृष्टीने संचाचा एकच गुण मोलाचा: हातातले बटण दाबल्यावर पडद्यावरची बॅट केव्हा फिरते? संच आलेले चित्र आधी सजवतो आणि मग दाखवतो, त्यात वेळ जातो. सजावट चालू असताना हा उशीर सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत जाऊ शकतो. ऐकायला तो क्षुल्लक वाटतो. पण ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू तेवढ्या अवधीत जवळजवळ चार मीटर पुढे जातो आणि सारी खेळपट्टीच २० मीटरची! 'गेम मोड' लावला की सजावट बंद पडते आणि चांगल्या संचात हा उशीर वीस मिलिसेकंदांच्या आत येतो. म्हणून खेळासाठी संच घेताना पेटीवरचे मोठमोठे आकडे बाजूला ठेवून गेम मोडमधला उशीर किती, हे विचारावे.

१२० हर्ट्झ आणि 'एचडीएमआय २.१' यांची भाषा दुकानात फार चालते. प्लेस्टेशन ५सारखे नवे यंत्र घरात असेल आणि ४के चित्र सेकंदाला १२० वेळा हवे असेल, तर ही दोन्ही लागतात. नातवाचे यंत्र जुने, सेकंदाला ६०हून अधिक चित्रे न देणारे. त्याच्यासाठी दुप्पट वेगाचे पैसे मोजणे म्हणजे बैलगाडीसाठी हमरस्ता बांधण्यासारखे होते.

तिसरा धनी: संगणक

संगणकाच्या कामासाठी लोक टीव्ही घेतात आणि "अक्षरे फुटतात" अशी तक्रार करतात. याचे कारण बहुधा रंगात असते. सिनेमाच्या चित्रात जागा वाचवण्यासाठी चार ठिपक्यांत मिळून एकच रंग वाटून दिलेला असतो. चेहरे आणि डोंगर यांत ते कळत नाही, पण बारीक अक्षरात लगेच कळते. संगणकासाठी प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग मिळाला पाहिजे. पुष्कळ संचांत त्या जोडणीला 'पीसी' असे नाव दिल्यावर हे साधते. काहींत ते साधतच नाही. म्हणून भाच्याला त्याचा लॅपटॉप आणि स्वतःची केबल घेऊनच गडहिंग्लजला चल, असे मी बजावले.

परीक्षा मराठीतच घ्यावी, कारण आपली लिपी इंग्रजीपेक्षा कडक परीक्षक आहे. निळ्या भूमीवर लाल रंगात, बारीक अक्षरांत 'अंगणात सूर्यकिरणांचा सर्वत्र वर्षाव' असे काहीतरी लिहावे. अनुस्वाराचा टिंब शिरोरेषेला चिकटला, रफार पुसट झाला किंवा 'त्र'चा पाय विरघळला, तर तो संच कामाचा नव्हे. आम्ही पाहिलेल्या चार संचांपैकी दोन इथेच गळाले.

दुसरी खूण माऊसच्या बाणाची. तो गोल फिरवला असता उड्या मारत गेला, तर लॅपटॉप ४के चित्र सेकंदाला ६०ऐवजी ३० वेळाच पाठवतो आहे असे समजावे. जुन्या लॅपटॉपची जोडणी किंवा जुनी केबल याला कारण असते. त्या वेळी संचाला दोष देण्यात अर्थ नाही.

पडद्याची जात

आता पडद्याच्या जातीविषयी. 'ओएलईडी' पडद्यातला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा रंग खरा काळा दिसतो. सिनेमासाठी याहून सुंदर पडदा नाही. पण त्याची किंमत अधिक असते आणि संगणकाची तळपट्टी रोज आठ तास एकाच जागी राहिली, तर काही वर्षांनी तिचा डाग कायमचा उमटण्याची भीती असते. काम करणाऱ्याने तो घेताना विचार करावा.

बाकीच्या साध्या संचांत मुख्य जाती दोन. 'व्हीए' पडद्यात काळा रंग गडद असतो, पण बाजूने पाहिले की रंग फिके पडतात. 'आयपीएस' पडदा बाजूनेही सारखा दिसतो, पण अंधारात त्याचा काळा रंग राखाडी वाटतो. पेटीवर ही जात बहुधा लिहिलेली नसते, कधी कधी तर एकाच नावाच्या दोन आकारांत दोन वेगळ्या जाती निघतात. म्हणून पडद्याच्या अगदी बाजूला उभे राहून पाहावे: रंग उडाले तर व्हीए, टिकले तर आयपीएस.

दाजींच्या कृष्णधवल चित्रपटांना व्हीए बरा होता. पण तीन फुटांवर बसणाऱ्याला पडद्याच्या दोन्ही कडा तिरप्याच दिसतात, म्हणजे व्हीएवर कडेची अक्षरे फिकी. शिवाय बाकडे लांब, त्याच्या टोकाला बसणाऱ्यांनाही तिरपेच पाहावे लागते. म्हणून आयपीएसच ठरला. दाजींसाठी पडद्याच्या मागे भिंतीवर एक मंद दिवा लावला. मागची भिंत किंचित उजळली की डोळ्यांना समोरचा राखाडी रंग काळा भासू लागतो. युक्ती स्वस्त आहे आणि डोळ्यांवरचा ताणही कमी होतो.

पैसा, वीज आणि वळीव

पूर्वी ३२ इंचांपुढच्या संचांवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५पासून तो १८ टक्के झाला. मूळ किंमत ३०,००० असेल तर हा फरक ३,००० रुपयांचा होतो. केवळ करासाठी ३२ इंचांवर थांबण्याचे कारण आता उरलेले नाही.

विजेचा हिशेबही आधी करावा. ८० वॅटचा संच दिवसाला दहा तास चालला तर महिन्याला २४ युनिट होतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण टीव्ही बंद पडतो. घरी इन्व्हर्टर असेल तर संच त्यावर घ्यावा, नसेल तर लॅपटॉपचा लहान पडदा अडीअडचणीला आहेच. नव्या संचांना व्होल्टेजच्या लहानसहान चढउतारांची फारशी बाधा होत नाही. त्यांना भीती विजेच्या अचानक लाटेची. म्हणून भिंतीतले अर्थिंग तपासून घ्यावे आणि लाट अडवणारा प्लग लावावा. वळवाच्या दिवसांत आकाशात कडकडाट सुरू झाला की मुख्य प्लग काढावा आणि त्याबरोबर छतावरच्या छत्रीची व इंटरनेटची तारही सोडवावी. नुसता रिमोट दाबून संच बंद करणे म्हणजे दाराला कडी न लावता नुसते लोटून घेणे होय.

पैसे देण्याआधी आणखी एक चौकशी करावी: बिघाड झाल्यास दुरुस्तीचा माणूस आपल्या गावापर्यंत येतो का? पुण्या-मुंबईत हा प्रश्न सुचत नाही, पण गावच्या घरासाठी संच पाठवणाऱ्या चाकरमान्यांनी तो आधी विचारावा. संच घरी आल्यावर पेटी उघडताना मोबाईलवर चित्रण करून ठेवावे आणि लगेच पडदा पूर्ण पांढरा व पूर्ण काळा करून मेलेले ठिपके शोधावेत.

कोणाचे माप धरावे?

अखेर नेसरीला आला तो ४३ इंची, ४के, ६० हर्ट्झचा साधा संच. ४०,००० रुपयांतून उरलेल्या पैशांत एक अडीच फूट खोल भक्कम टेबल, पाठीला आधार देणारी खुर्ची आणि एक लहान ध्वनिपेटी आली, कारण सपाट संचाचा आवाजही सपाटच असतो. संच भिंतीवर उंच टांगला नाही. टेबलावरच ठेवला, पडद्याची वरची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत आणि दरवाजाचा उजेड समोरून न येता बाजूने येईल असा. दिवसा भाचा खुर्चीत बसतो. संध्याकाळी खुर्ची बाजूला सरते, घर बाकड्यावर येते. नातवाला तासभर खेळ मिळतो आणि मग दाजींचा सिनेमा. भाच्याची मान आता दुखत नाही आणि पुण्याला परतण्याची भाषा थांबली आहे.

शेजारच्या घरी ५५ इंची संच आहे आणि तो त्यांना अगदी योग्य आहे, कारण त्यांची खोली मोठी आणि त्यावर कोणी काम करत नाही. म्हणजे चांगला संच असा कोणताही नसतो. आपल्या घराला चांगला, एवढाच असतो. एका पडद्याचे धनी अनेक असतील तर सर्वांची मते ऐकावीत, पण माप मात्र जो सर्वांत जवळ आणि सर्वांत जास्त वेळ बसणार त्याचे धरावे. इतरांची सोय एखाद्या सेटिंगने, एखाद्या दिव्याने किंवा बाकडे हातभर पुढे ओढून करता येते. त्याची येत नाही.

तेव्हा या दिवाळीत दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरातला टेप शोधून काढा. तो बहुधा शिवणाच्या डब्यात असतो आणि त्याला जीएसटी पडत नाही.